बॉब युकर: २९७ मॅचेस, ०.२०० ॲव्हरेज आणि राखीव कॅचरचं काम

मिलवॉकीकर

अमेरिकन बेसबॉलमधला जुना कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा) आणि कॉमेंटेटर बॉब युकर १६ जानेवारी २०२५ ला गेला, नव्वद वर्षांचा होता. तेव्हा इथल्या पेपरात आणि टीव्हीवर जे काही आलं ते बहुतेक सगळं त्याच्या विनोदांवर, जॉनी कार्सनच्या शोवर, बिअरच्या जाहिरातींवर आणि मिलवॉकी ब्रुअर्सच्या रेडिओ कॉमेंट्रीवर होतं. ते बरोबरच आहे, माणूस १९७१ पासून २०२४ पर्यंत एकाच टीमचा आवाज होता. पण त्याच्या खेळाडू म्हणून सहा सीझनबद्दल प्रत्येकाने दोन ओळी लिहिल्या आणि त्या दोन्ही ओळी त्यानेच स्वतःवर केलेले विनोद होते. मला हे फार दिवस खटकतंय म्हणून हा धागा.

आधी आकडे. मेजर लीगमध्ये १९६२ ते १९६७. चार टीम म्हणा किंवा तीन म्हणा, कारण मिलवॉकी ब्रेव्हज मधल्या काळात अटलांटाला गेली आणि तो शेवटी परत त्याच टीमकडे आला, मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स आणि फिलाडेल्फिया फिलीज. एकूण २९७ मॅचेस, ७३१ वेळा बॅटिंग, १४६ हिट्स, १४ होम रन. म्हणजे ॲव्हरेज ०.२००, पाच वेळा गेला की एकदा हिट. त्या काळात लीगचं साधारण ०.२५० च्या आसपास असायचं, त्यामुळे बॅटर म्हणून तो कमीच होता, याबद्दल वाद नाही.

पोरगा मिलवॉकीचाच. १९५६ साली ब्रेव्हजने तीन हजार डॉलरला साइन केलं. यावर तो पुढे आयुष्यभर सांगायचा की वडील काळजीत पडले, एवढे पैसे द्यायचे कुठून. लोक हसतात आणि पुढे जातात. पण त्यानंतर सहा वर्षं हा माणूस मायनर लीगमध्ये खेळला हे कोणी सांगत नाही. बसचे प्रवास, छोटी छोटी गावं, आणि वरच्या टीममध्ये डेल क्रँडलसारखा ऑल-स्टार कॅचर बसलेला, म्हणजे जागा रिकामी होणार नाही हे रोज माहीत. एप्रिल १९६२ मध्ये वर आला तेव्हा वय २८. पहिल्या सीझनला ३३ मॅचेस, दुसऱ्याला फक्त १३.

मग १९६४ ला कार्डिनल्स. त्या वर्षी फिलीज टीम १२ मॅच राहिल्या असताना साडेसहा गेमने पुढे होती आणि सलग दहा हरली, कार्डिनल्सने शेवटच्या दिवशी लीग जिंकली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजला सात मॅचमध्ये हरवलं. सातही मॅचेस टिम मॅकार्व्हरने कॅच केल्या आणि ०.४७८ ने बॅटिंग केली. युकरला एक इनिंगसुद्धा मिळाली नाही. त्या सिरीजमधली त्याची एकच गोष्ट सगळ्यांना माहितीये, मॅचच्या आधी बँडवाल्यांचा ट्यूबा उचलून त्याच्यात फ्लाय बॉल झेलत होता. फोटोत सगळे हसताना दिसतात.

२४ जुलै १९६५, डॉजर स्टेडियम, समोर पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, सँडी कुफॅक्स. त्या सीझनला कुफॅक्सने ३८२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) केले होते, लोक त्याच्यासमोर नुसता बॉलला बॅट लागली तरी खूश व्हायचे. युकरने होम रन मारला. पुढे म्हणायचा की यामुळे कुफॅक्सचं हॉल ऑफ फेम हुकेल अशी मला भीती होती. परत विनोद. अरे पण मारला ना. आणि त्याच्या १४ मध्ये गेलॉर्ड पेरी आणि फर्गी जेन्किन्सचाही नंबर लागतो, तिघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

पण मला जे सांगायचंय ते १९६७ चं. जूनमध्ये त्याला अटलांटाने घेतलं. तिथे फिल नीक्रो नावाचा पिचर होता, वय २८, तोवर बहुतेक रिलीफमध्ये, म्हणजे मॅचच्या मध्येच बदली म्हणून, वापरलेला. त्याच्याकडे नकलबॉल होता. नकलबॉल म्हणजे बोटांच्या टोकांनी धरून ढकलल्यासारखा सोडायचा, बॉल जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे शिवणीवर हवा कधी इकडून कधी तिकडून लागते आणि बॉल कुठे जाईल ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. स्पीड कमी, पण बॅटरला लागत नाही. आणि कॅचरलाही सापडत नाही! म्हणून काय व्हायचं की रनर बेसवर असला किंवा काउंट (बॉल-स्ट्राइकचा हिशोब) अडचणीचा झाला की पिचर घाबरून साधा फास्टबॉल टाकायचा आणि मार खायचा, कारण बॅटरलाही माहीत असायचं की आता फास्टबॉलच येणार.

युकरने नीक्रोला सांगितलं की तू कायम नकलबॉलच टाक, कुठल्याही काउंटला, पकडायचं मी बघतो. नीक्रोने हे नंतर स्वतः सांगितलंय. त्या सीझनला नीक्रोचा इआरए (पिचरच्या खात्यावर धरलेले नऊ इनिंगमागचे रन) १.८७, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी. आणि युकरचे पास्ड बॉल २७, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त.

हे दोन आकडे एकत्र वाचा. यावरही तो म्हणायचा की नकलबॉल पकडायची बेस्ट पद्धत म्हणजे तो घरंगळून थांबेपर्यंत थांबायचं आणि उचलायचा. सगळीकडे हे वाक्य छापून येतं. पण ज्या माणसाची नोकरी फक्त आणि फक्त कॅचिंगवर टिकून आहे, बॅटिंग ०.१५० वर आलीये, वय ३३ आहे, तो स्वतःच्या नावावर लीगमधला सगळ्यात वाईट आकडा चढवून घ्यायला तयार होतो आणि समोरच्याला म्हणतो तू टाक. माझ्या मते त्याच्या करिअरमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती विनोदाखाली गाडली गेलीये. त्या सीझननंतर तो परत मेजर लीगमध्ये खेळला नाही. नीक्रो ४८ वर्षांचा होईपर्यंत खेळला आणि ३१८ मॅच जिंकला.

तुम्हाला असे अजून राखीव कॅचर माहीत असतील तर लिहा.

---

चौथी_स्लिप

छान लिहिलंय. मला बेसबॉल वरवर कळतं, त्यामुळे दोन प्रश्न. पास्ड बॉल म्हणजे कीपरने सोडलेली बाय असं समजू का? आणि दुसरं, ०.२०० वाल्याला सहा वर्षं ठेवतात कशाला, त्याच्यापेक्षा बरी बॅटिंग करणारा कॅचर मिळत नाही का?

---

मिलवॉकीकर

@चौथी_स्लिप, हो, बाय जवळ जातं. फरक एवढा की रनर बेसवर असेल आणि त्याने पुढचा बेस घेतला तरच पास्ड बॉल धरतात, रिकाम्या बेसवर सुटला तर कोणी मोजत नाही. आणि बॉल इतका वाकडा असेल की नॉर्मल प्रयत्नाने थांबलाच नसता तर तो पिचरच्या खात्यात जातो, वाइल्ड पिच. ठरवतो तो स्कोअरर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. म्हणजे मॅनेजरकडे दोन कॅचर असतील आणि त्याने दुसऱ्याला आठव्या इनिंगला पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, म्हणून पाठवलं, आणि नवव्याला पहिल्याच्या बोटावर फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला बॉल) बसली, तर आता मागे बसायला कोणी नाही, कुठल्या तरी इनफिल्डरला पॅड घालून बसवायचं. म्हणून राखीव कॅचर हा बेंचवरचा असा माणूस असतो की ज्याला वापरायला मॅनेजर सगळ्यात जास्त घाबरतो. तो तयार असायला हवा पण वापरला न जाणं हेच बरं. मग त्याची बॅटिंग किती हा प्रश्न दुय्यम होतो. डबलहेडरची (एकाच दिवशी दोन मॅच) दुसरी मॅच, रात्रीच्या मॅचनंतर लगेच दुपारची मॅच असेल तेव्हा, अशा वेळी खेळतो. बाकीचे दिवस बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर्सच्या तयारीच्या जागेत, पिचर्सना वॉर्म अप करायचं. समजा रिलीफ पिचरने बुलपेनमध्ये तीस बॉल टाकले आणि नंतर मॅनेजरने त्याला बोलावलंच नाही, तर ते तीस बॉल ज्याने पकडले त्याची कुठेही नोंद नाही. सीझन १६२ मॅचेसचा.

---

वसंत_नागपूर

मला लगेच समीर दिघे आठवला. मार्च २००१, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मोंगिया नव्हता म्हणून दिघेला घेतलं, वय ३२, पहिली टेस्ट. १५५ चा पाठलाग, विकेट्स पडत चालल्या, आणि हा शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद २२, हरभजनने विनिंग रन काढले. एकूण सहा टेस्ट खेळला. रणजीत मुंबईसाठी वर्षानुवर्षं केलेल्या कीपिंगचं कोणी बोलत नाही पण ते २२ सगळ्यांना माहीत.

---

चौथी_स्लिप

वसंतकाका, दिघेची ती इनिंग आमच्या घरी सगळ्यांनी उभं राहून बघितली होती. पण इथे थोडं वेगळं आहे असं वाटतं, दिघेला त्याचा दिवस मिळाला, सगळ्या देशाने बघितला. युकरने कुफॅक्सला मारला ते सोडलं तर त्याचं मुख्य काम असं होतं की ते नीट झालं तरी कौतुक पिचरचंच होणार.

---

केदार_बॉस्टन

नकलबॉलचा विषय निघालाच आहे तर डग मिराबेलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, बोस्टनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ही पाठ आहे.

रेड सॉक्सकडे टिम वेकफील्ड होता, नकलबॉलवाला. मेन कॅचर जेसन व्हॅरिटेक, पण वेकफील्डच्या दिवशी मिराबेली कॅच करायचा, पाच दिवसांतून एकदा, तेच त्याचं काम. २००५ नंतर टीमने विचार केला की फक्त एका पिचरसाठी एक माणूस कशाला, आणि त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. २००६ च्या सीझनला जोश बार्ड नावाचा तरुण कॅचर वेकफील्डसाठी बसवला. वेकफील्डच्या पाच मॅचमध्ये बार्डकडून दहा पास्ड बॉल. दहा! बिचारा चांगला खेळाडू होता, नंतर सॅन डिएगोला जाऊन मस्त बॅटिंग केली त्याने, पण हा बॉल त्याला जमेना.

१ मे २००६ ला यांकीज फेनवेमध्ये, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानावर, येणार, पिचर वेकफील्ड. टीमने त्याच दिवशी मिराबेलीला परत घेतलं, बदल्यात बार्ड आणि वर एक पिचर दिला. कॅलिफोर्नियाहून खास विमानाने आणलं, एअरपोर्टवरून पोलिसांची गाडी सायरन लावून, आणि युनिफॉर्म गाडीतच बदलला. मॅच सुरू व्हायच्या जेमतेम आधी पोचला आणि जाऊन बसला. त्या मॅचमध्ये रेड सॉक्स जिंकले.

एखाद्या राखीव कॅचरसाठी पोलीस एस्कॉर्ट लागला हे वाचून मला आजही बरं वाटतं. नाहीतर या लोकांची किंमत ते निघून गेल्यावरच कळते.

---

रानवारा

सगळं पटलं पण एक गोष्ट टोचतेय म्हणून लिहिते. युकर आपल्याला माहीत आहे कारण तो नंतर प्रसिद्ध झाला. हॉल ऑफ फेमचं, कॉमेंटेटरना देतात ते फ्रिक अवॉर्ड मिळालं २००३ ला, स्टेडियमबाहेर पुतळा आहे. जे नाही झाले त्यांचं काय?

याला एक पैशाची बाजू आहे जी फार लोकांना माहीत नाही. मेजर लीगची पेन्शन. १९८० च्या आधी रिटायर झालेल्यांना पेन्शन लागू व्हायला चार वर्षांची सर्व्हिस लागायची. १९८० मध्ये नवा करार झाला आणि त्यानुसार एक दिवस टीममध्ये असलात तर मेडिकल इन्शुरन्स, आणि ४३ दिवस असलात तर पेन्शन. चांगला करार, पण तो मागच्यांना लागू केला नाही. म्हणजे १९७८ मध्ये तीन वर्षं राखीव कॅचर म्हणून काढून गुडघे घालवून घरी गेलेल्या माणसाला शून्य आणि १९८५ मध्ये दीड महिना खेळलेल्याला पेन्शन. असे शेकडो खेळाडू होते. २०११ मध्ये त्यांना वर्षाला थोडी रक्कम द्यायचं ठरलं, जास्तीत जास्त दहा हजार डॉलर, तेही खेळाडू गेला की बंद, बायकोला मिळत नाही. एवढा पैसा असलेली लीग आहे ही. मला याचा राग येतो.

राखीव कॅचर या यादीत असणारच, कारण कामच असं की एक सीझन वर, दोन महिने खाली, परत वर, सर्व्हिसचे दिवस जमतच नाहीत.

---

मिलवॉकीकर

@रानवारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून थँक्स, मी मूळ लेखात हे घ्यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. आणि तुमचा मुद्दा मान्य. युकरबद्दल लिहिता येतं कारण त्याच्याबद्दल सापडतं. त्याच्यासारख्या इतरांचं फक्त बेसबॉल कार्डवर मागच्या बाजूला आकडे असतात.

---

अनघा_डॅलस

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये कॅचर आहे, स्वतःहून मागितली ही पोझिशन. मला आधी आवडलं नव्हतं कारण दोन तास उकिडवं बसायचं, अंगावर एवढं सामान, आणि डॅलसचं ऊन. पण आता बघते तर मैदानातल्या सगळ्यांची तोंडं एकीकडे असतात आणि तिचं एकटीचं सगळ्यांकडे. तीच ओरडून सांगत असते कोणी कुठे उभं राहायचं, पिचर पोरगी रडवेली झाली की हीच उठून जाते. तिला युकर आणि नीक्रोची गोष्ट सांगितली तर म्हणाली, मग कॅचरला काय मिळालं. मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणी सांगेल का?

---

केदार_बॉस्टन

@अनघा_डॅलस, तुम्ही डॅलसला आहात म्हणजे हे उदाहरण जवळचंच. तुमच्या रेंजर्सना २०२३ ची वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा मॅनेजर ब्रूस बोची. तो स्वतः राखीव कॅचर होता, १९७८ ते १९८७, ॲस्ट्रोज, मेट्स, पाद्रेज, नऊ सीझनमध्ये सगळ्या मिळून चारशेसुद्धा मॅचेस नाहीत. आणि मॅनेजर म्हणून त्याआधी जायंट्सबरोबर २०१०, २०१२, २०१४. मुलीला सांगा की डगआउटमध्ये बसून मॅच बघणं हेही शिकणंच असतं. पिचर दमला हे आकड्यांच्या आधी कॅचरला कळतं, मिटमध्ये (कॅचरच्या ग्लोव्हमध्ये) बॉल कसा लागतो त्यावरून. कॅचर राहिलेले इतके लोक मॅनेजर होतात ते उगाच नाही.

---

मिलवॉकीकर

आणि युकरला त्याच सहा वर्षांतून रेडिओ मिळाला असं मला वाटतं. मी बरीच वर्षं संध्याकाळी गाडीत त्याची कॉमेंट्री ऐकली. लोक विनोदांचं बोलतात पण मॅच टाइट असली की तो विनोद करायचा नाही. पिचरने कुठला बॉल टाकायला हवा, कॅचर बाहेर का सरकला, रनर आता पळेल का, हे तो बॉल पडायच्या आधी सांगायचा. एखाद्या नवीन पोराचा पहिला हिट असला तर त्याचा आवाज वेगळाच यायचा. मायनर लीगमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला तो पहिला हिट काय असतो हे माहीत होतं.

१९८२ ला ब्रुअर्स वर्ल्ड सिरीजला गेले, समोर कार्डिनल्स, म्हणजे त्याचीच जुनी टीम, आणि सातव्या मॅचला हरले. त्यानंतर परत कधी पोचले नाहीत तो असेपर्यंत. त्याची शेवटची मॅच ३ ऑक्टोबर २०२४, मेट्सविरुद्ध, नवव्या इनिंगला ब्रुअर्स पुढे होते आणि पीट अलोन्सोने होम रन मारून सीझन संपवला. मी ती रेडिओवर ऐकली. तेव्हा तो आजारी आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, कॅन्सरचं नंतर घरच्यांनी सांगितलं.

---

आकडेमोड्या

उशिरा आलोय धाग्यावर. मिलवॉकीकर, लेख आवडला पण १.८७ आणि २७ बद्दल एक मुद्दा मांडायलाच हवा. पास्ड बॉलमुळे जो रन होतो तो अनअर्न्ड धरतात, तो पिचरच्या इआरएमध्ये मोजतच नाहीत. म्हणजे नीक्रोने नकलबॉल टाकला, युकरकडून सुटला, रनर होमला आला, तर टीमला रन पडला पण नीक्रोचा आकडा स्वच्छ. त्यामुळे १.८७ मध्ये थोडा हिशोबाचा भाग आहे. पिचरला ग्लॅमर आणि कॅचरला दोष असं नियमानेच वाटून दिलंय.

दुसरं, १९६८ पासून युकर नव्हता तरी नीक्रो चांगलाच राहिला, १९६९ ला २३ मॅच जिंकला. मग श्रेय युकरचं किती?

---

मिलवॉकीकर

@आकडेमोड्या, पहिला मुद्दा एकदम बरोबर, आणि मला तर तो माझ्याच बाजूचा वाटतो. नियम असा होता हे युकरला पूर्ण माहीत होतं. तरी त्याने टाक म्हणून सांगितलं, म्हणजे हिशोब कोणाच्या खात्यात जाणार हे बघून सांगितलं.

दुसऱ्याबद्दल, मी असं म्हणतच नाहीये की युकरने नीक्रोला पिचिंग शिकवलं. नकलबॉल नीक्रोला त्याच्या वडिलांनी अंगणात शिकवला होता, तो लहानपणापासूनच त्याचा होता. युकरने फक्त एवढं केलं की तो बॉल वापरायची भीती घालवली, आणि एकदा एका सीझनला लीगमध्ये पहिला आल्यावर मग पुढचा कॅचर कोणी का असेना, नीक्रोला परत फास्टबॉलकडे पळायची गरजच राहिली नाही. १९६८ पासून तो युकरशिवाय चांगला राहिला हाच त्याचा पुरावा आहे असं मी म्हणेन.

---

आकडेमोड्या

हे असं बघितलं नव्हतं. पटतंय बऱ्यापैकी. फक्त एक, अटलांटाने त्याला घेतलं तेच नीक्रोसाठी का? तसं असेल तर मॅनेजमेंटलाही थोडं श्रेय द्या.

---

मिलवॉकीकर

जीन ऑलिव्हरला फिलाडेल्फियाला देऊन घेतलं, ६ जूनला. ऑलिव्हर बॅटिंगमध्ये युकरपेक्षा कितीतरी पुढे होता, म्हणजे अटलांटाने बॅट देऊन मिट घेतलं हे तर दिसतंच आहे. तेवढं श्रेय नक्की देतो.

@अनघा_डॅलस, मुलीच्या प्रश्नाला माझं उत्तर: नीक्रो १९९७ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि इतक्या वर्षांत त्याला नकलबॉलबद्दल विचारलं की तो युकरचं नाव घ्यायचा. तिला मॅचसाठी शुभेच्छा सांगा, आणि डावा हात मिटमध्ये असताना उजवा हात मुठीत, मिटच्या मागे ठेवायला सांगा, फाउल टिप बोटांवर येते.